तशी वाईट नाही

ऑर्लिन हेगलंड वकिलाच्या ऑफिसात साठी उलटलेल्या माणसांना बढाई मारायला शिकवतात, हे आमच्या काउंटीबाहेर कुणाला सांगून पटलं नसतं. आणि काउंटीत सांगणार कोण? जो तो तिथून शिकून आलेला आणि त्याची लाज वाटून गप्प बसलेला.

ऑफिस धान्याच्या उंच कोठारासमोर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत कॉफीचं भांडं, आतल्या खोलीत कायद्याची पुस्तकं आणि एक खिडकी. शेतकऱ्याला त्या खिडकीपाशी उभं करायचं, डोक्यावरची टोपी काढायला लावायची, आणि मग ऑर्लिन खुर्चीत मागे रेलून विचारायचा, "हं, सांगा. जमीन कशी आहे तुमची?"

"बरी आहे."

"पुन्हा."

"तशी वाईट नाही."

"अहो, कोर्टात उभे आहात तुम्ही! वाईट नाही म्हणजे काय? चांगली आहे का नाही?"

मग तो माणूस टोपी हातात फिरवायचा, खिडकीबाहेर बघायचा, कानापर्यंत लाल व्हायचा. पाचशे डुकरं सांभाळणारा, हिमवादळात ट्रॅक्टरखाली आडवं पडून दुरुस्ती करणारा गडी, पण 'माझी जमीन चांगली आहे' ही चार शब्दांची ओळ त्याच्या घशातून बाहेर पडत नसे. एकाला तर घेरी आली होती. ऑर्लिनने त्याला पाणी दिलं आणि पुन्हा उभं केलं.

त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष! रीतच तशी. नॉर्वेहून आयोवाच्या या कोपऱ्यात आलेल्या पणजोबांनी पेटीतून बायबल आणलं, बटाट्याच्या पोळ्या लाटायची लाटणी आणली, आणि आपल्या कशालाही चांगलं म्हणायचं नाही हा नियमही आणला. घरची बाई केक पुढे ठेवताना म्हणणार, "या वेळी जरा बिघडलाच." मका डोक्याच्या वर गेलेला असला तरी मालक म्हणणार, "चाललंय." ज्याचा गोठा जळाला तो म्हणणार, "वारा उलटा असता तर घरही गेलं असतं." कौतुकाची सगळ्यात वरची पायरी म्हणजे 'तसं वाईट नाही.' त्याच्यावर आमच्याकडे काही नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर नवरा बायकोच्या हातच्या जेवणाला हे म्हणतो आणि ती दिवसभर गुणगुणत फिरते. आणि एखादी गोष्ट अगदीच फसली, तर तिला वाईट म्हणायचं नसतं. तेव्हा म्हणायचं, 'हे वेगळं होतं.' चर्चमध्ये नव्या पाद्रीबाबांनी गिटार वाजवून प्रवचन केलं, तेव्हा दाराशी एकूण एक माणसाने त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "आज वेगळं होतं बरं का." पाद्रीबाबा खूश झाले. ते मिलवॉकी शहराकडचे, त्यांना काय कळणार.

हाच नियम ऑर्लिनच्या बापाला भोवला होता. बापाचं नाव पालमर. ऑर्लिन एकोणीस वर्षांचा असताना सरकारने नवा हमरस्ता आखला आणि तो पालमरच्या शेताच्या बरोबर मधून गेला. प्रकरण दूरच्या मोठ्या शहरातल्या कोर्टात उभं राहिलं. किंमत ठरवायला बसलेली माणसं शहरातली, कुणी विमा विकणारा, कुणी बूट. वकिलाने विचारलं, "मिस्टर हेगलंड, तुमची जमीन कशी आहे?" पालमर उभा राहिला, कोटाचं बटण लावलं आणि जमेल तेवढी छाती पुढे काढून म्हणाला, "तशी वाईट नाही."

ऑर्लिन मागच्या बाकावर होता. बापाने केवढी मोठी गोष्ट बोलून दाखवली हे त्याला कळलं, आणि समोरच्या एकालाही ते कळलं नाही हेही दिसलं. त्यांनी 'वाईट नाही' असंच लिहून घेतलं आणि तशीच किंमत केली. पालमर त्यानंतर अकरा वर्षं जगला, दुसऱ्यांची गुरं सांभाळत. त्या निवाड्याबद्दल तो एवढंच म्हणायचा, "याहून वाईट झालं असतं."

ऑर्लिन वकील झाला तो त्या मागच्या बाकावरच. पुढची परीक्षा, सनद वगैरे नुसते कागद. आणि नशिबाचा खवचटपणा असा, की घरून ऑफिसला जायला तो हमरस्ता सोडून दुसरी वाट नाही. बापाच्या शेतावरून, मग जिथे गोठा होता तिथून, मग आईच्या भाजीच्या वाफ्यांवरून ताशी पंचावन्न मैलांनी तो सकाळी जायचा आणि संध्याकाळी यायचा. चौतीस वर्षं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ऑर्लिनकडे येणाऱ्यांना पायरी चढायची हौस नव्हती, पायरीच त्यांच्या शेतात येऊन बसलेली असायची. कधी रस्ता, कधी धरण, कधी विजेचे मनोरे. माणूस नोटिशीचा कागद घडी करून खिशात घालून यायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "हे थांबवायचं कसं, ऑर्लिन?"

ऑर्लिन उठून कॉफी ओतायचा. थांबवता येत नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्याला घ्यायचा हक्क दिलाय तो घेणार, आपण फक्त किमतीवर भांडायचं, एवढाच कायदा. हे वाक्य चौतीस वर्षांत त्याने कुणाच्या तोंडावर उच्चारलं नाही. कॉफी ओतायची आणि म्हणायचं, "बघू काय होतं ते." लोक त्यातून आशा उचलायचे आणि हा उचलू द्यायचा. शेतकऱ्यांना तोंड उघडायला शिकवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या तोंडाला कुलूप होतं, ते असं.

बढाईची शाळा मात्र शहरातल्या कोर्टांत चालली. तीन वेळा त्याचे शेतकरी साक्षीला उभे राहून न चाचरता बोलले आणि निवाडा दुपटीवर गेला. जमीन तिन्ही वेळा गेलीच.

मग सेल्मर रुड आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, उंच, पाठीत किंचित वाकलेला, पालमरचा जुना सोबती. एका कंपनीची गॅसची पाइपलाइन त्याच्या खालच्या ऐंशी एकरांतून तिरकी जाणार होती.

ते खालचं शेत म्हणजे एके काळची दलदल. बदकं पोहायची तिथे. सेल्मरच्या बापाने दर वर्षी पीक निघाल्यापासून जमीन गोठेपर्यंत फावड्याने चर खणले आणि त्यात भाजक्या मातीचे नळ एकाला एक लावून पुरले. नऊ वर्षं लागली. जमिनीतलं पाणी त्या नळांतून ओढ्याला जाऊ लागलं आणि वर उरली ती लोण्यासारखी काळी माती. पाइपलाइनचा खंदक त्या नळांची एकूण एक ओळ कापणार होता. कंपनी म्हणत होती, आम्ही पुन्हा जोडून देऊ.

"जोडलेला नळ म्हणजे कवळी," सेल्मर म्हणाला. "दिसते दातासारखी. थांबवायचं कसं हे, ऑर्लिन?"

ऑर्लिनने कॉफी ओतली.

पण फेब्रुवारीत एक वेगळीच गोष्ट घडली. कोर्टाच्या जिन्यात कंपनीचा वकील लँग्ली भेटला. ह्यूस्टनचा तरुण माणूस, हसरा, बोलका. बोलता बोलता थट्टेत म्हणाला, "तुमच्या पंचांनी नव्वद हजारांच्या वर आकडा टाकला ना, तर आमचे इंजिनियर पेन्सिल काढून बसतील. मग रस्त्याच्या कडेने वळसा घातलेला स्वस्त पडेल आम्हाला." हसला आणि निघून गेला. एवढा आकडा कुणी टाकणार नाही, याची त्याला खात्री होती.

ऑर्लिन जिन्यातच थांबला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा एक फट दिसली होती. किंमत पुरेशी वर गेली, तर जमीन वाचत होती!

त्याच दुपारी तो गाडी काढून सेल्मरकडे गेला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच म्हणाला, "थांबवता येईल."

सेल्मरची बायको इनेज चुलीपाशी होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "ऑर्लिन, तू हे असंच म्हणत नाहीयेस ना? आम्हाला बरं वाटावं म्हणून?"

"नाही, इनेज."

"कारण सेल्मर आता याच्यावर विसंबून राहील. तो कधी कशावर विसंबत नाही, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," ऑर्लिन म्हणाला, आणि गाडीत बसल्यावर त्याला धडकी भरली. शब्द देऊन बसला होता. आता सुटका नव्हती.

आमच्याकडे पहिला निवाडा सहा पंच करतात; तो पटला नाही, तरच पुढे शहरातलं कोर्ट. काउंटीतलेच लोक, चिठ्ठ्या टाकून निवडलेले. ते येतात, शेतातून चालतात, मालकाला काय विचारायचं ते विचारतात आणि मग कोर्टाच्या खोलीत दार लावून आकडा ठरवतात. आजवर ऑर्लिन मालकाला स्वयंपाकघरात बसवून ठेवायचा आणि पंचांबरोबर स्वतः चालायचा. पण ऐंशी एकरांतून गेलेल्या एका खंदकासाठी नव्वद हजार डॉलर कधी कुणी दिले नव्हते. नेहमीच्या औषधाने हे दुखणं हटणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. मालकाच्या तोंडूनच पंचांच्या कानावर पडायला हवं, आणि असं पडायला हवं की विसरता येऊ नये.

सेल्मरची शाळा सुरू झाली. आठवड्यातून दोनदा, खिडकीपाशी. वाक्य एकच: 'या काउंटीत याहून चांगलं शेत नाही.'

पहिले तीन आठवडे सेल्मर 'या काउंटीत' पर्यंत जाऊन थांबायचा. तिथून पुढे गाडी सरकेना.

"घरी सराव करता का?"

"गोठ्यात करतो. गाईंना सांगून बघितलं."

"मग?"

"त्यांनी खाणं थांबवलं नाही." सेल्मर टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "ऑर्लिन, तू शिकलेला आहेस. एक सांग. हे बरोबर आहे का?"

"खरं नाही का ते? तुम्हीच सांगा. आहे का याहून चांगलं शेत?"

सेल्मरने बराच वेळ विचार केला. "नसेलही. पण खरं आहे म्हणून बोलायचं का?"

"तुमच्या वडिलांनी नऊ वर्षं खणलंय, सेल्मर. एकदा बोला त्यांच्यासाठी. एकदाच. माझे वडील बोलले नाहीत, त्यांचं काय झालं ते तुम्ही बघितलंत."

हे त्याने बोलायला नको होतं. सेल्मर पालमरच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांतला होता. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं. पुन्हा विचार."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वाक्य शेवटापर्यंत पोचलं. ऑर्लिनने टेबलावर थाप मारली. सेल्मर घामाने भिजला होता.

पंच आले तो दिवस महिनाअखेरचा. बर्फ नुकताच वितळलेला, त्यात चार दिवस पाऊस. काउंटीभर शेतांमध्ये पाणी साचलं होतं. सहा जण दोन गाड्यांतून आले. म्होरक्या एव्हरेट मोएन, उत्तरेकडचा शेतकरी, ऑर्लिनचा शाळेतला सोबती. बरोबर आणखी तिघे शेतकरी, त्यांत ल्युएला फॉस नावाची दोनशे गाईंची मालकीण, आणि गावातले दोघे. मागून लँग्ली, शहरी बुटांत.

आधी स्वयंपाकघर. आमच्याकडे फाशी द्यायला आलेल्यालाही आधी कॉफी मिळेल. इनेजने लिंबाच्या वड्यांचं ताट पुढे केलं. "जरा बिघडल्यात या वेळी. खालून लागल्या."

"छे, छे, तशा वाईट नाहीत," एव्हरेट म्हणाला आणि दुसरी उचलली. इनेजचा चेहरा उजळला.

लँग्लीने एक घास घेतला आणि डोळे मोठे केले. "बाप रे! मॅडम, आयुष्यात इतकी सुंदर वडी खाल्ली नाही मी!"

ल्युएला कपात बघायला लागली. इनेज ओट्याकडे वळली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागली. ऑर्लिनने हे सगळं बघितलं. बघून मनात हसलासुद्धा. पण आपल्या बगलेत काय दडलंय ते त्याच्या ध्यानात आलं नाही. चौतीस वर्षांचा वकील, आणि समोर वाढून ठेवलेला पुरावा दिसला नाही त्याला!

मग सगळे खालच्या शेतात गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. वाटेत कुणी बोललं नाही. ओढ्याच्या काठाला मुख्य नळाचं तोंड होतं, त्यातून मनगटाएवढी पाण्याची धार स्वच्छ, सतत पडत होती. ल्युएला तिथे उभी राहिली आणि ऐकत राहिली. एव्हरेटने वाकून मूठभर माती उचलली, दाबली, हात उघडला. माती सुटी होऊन बोटांतून खाली गेली. त्याने हात पँटला पुसला नाही. ही शांतता ऑर्लिनला पुढे जन्मभर आठवणार होती. तेव्हा मात्र त्याला वाटलं, हे लोक गप्प का?

"मग सेल्मर," एव्हरेटने विचारलं, "शेत कसं आहे?"

रस्त्यात भेटल्यावर विचारतात तसंच विचारलं. उत्तर सगळ्यांच्या कानात आधीच तयार होतं.

सेल्मरने टोपी काढली. ऑर्लिनकडे बघितलं. ऑर्लिनने मान किंचित हलवली. आणि सेल्मर रुड, ज्याने आयुष्यात स्वतःच्या कुत्र्यालाही चांगलं म्हटलं नव्हतं, तो सरळ उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "या काउंटीत याहून चांगलं शेत नाही."

चार शेतकऱ्यांनी एकदम खाली, आपापल्या बुटांकडे बघितलं. चौघांचीही शेतं याच काउंटीत होती. कुणीतरी खोकलं. एव्हरेट ओढ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हं. हे... हे वेगळं ऐकलं."

ऑर्लिन झटकन पुढे झाला.

त्याने तोंड उघडलं. "एव्हरेट, सेल्मरला म्हणायचंय की..." आणि पुढे त्याला शब्द सुचेना. काय म्हणायचंय? शेत सगळ्यात चांगलं नाही? की आहे? पहिलं म्हणावं तर खटला बुडतो, दुसरं म्हणावं तर माणूस आणखी बुडतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्याने स्वतःच्या हाताने खणलेली. शेजारी सेल्मर टोपी छातीशी धरून उभा होता, दमलेला, आणि मुलं पाठ म्हणून दाखवल्यावर बघतात तसा ऑर्लिनकडे बघत होता.

"काही नाही," ऑर्लिन म्हणाला. "मालकाने सांगितलंच आहे."

निवाडा चार वाजता आला. बेचाळीस हजार.

लँग्लीने जिन्यात येऊन हात मिळवला. "खरं सांगू? तुमचा म्हातारा बोलला तेव्हा मी घाबरलोच होतो. मला वाटलं, गेलं आता! काय साक्षीदार तयार केलात हो!" तो मनापासून बोलत होता. ऑर्लिनने त्याचे आभार मानले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी कंपनीने रक्कम भरली. रक्कम भरली की खणायची मुभा मिळते. अपील करता येतं, पण ते उभं राहणार पुढच्या वर्षी, आणि तोवर खंदक खणून, बुजवून, वर गवत उगवलेलं असतं. ऑर्लिनने अपिलाचा कागद तयार केला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून केला.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी होती. आमच्याकडे प्रार्थनेनंतर सगळा गाव तिथेच असतो, त्यामुळे कुणाला टाळता येत नाही. त्या दिवशी कॉफी ओतायची पाळी नेमकी ऑर्लिनची. एव्हरेट कप घेऊन आला. त्याचं चर्च खरं तर दुसरं. मुद्दाम आला होता.

"आत काय बोलणं झालं ते सांगायची आम्हाला बंदी आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणून मी सांगत नाहीये." एव्हरेट कपात बघत राहिला. "पण आमच्या बुटांना चिखल लागला नव्हता, ऑर्लिन. चार दिवस पाऊस पडलेला. माझ्या अंगणात घोट्यापर्यंत चिखल. आणि तिथे सहा माणसं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि बूट तसेच. सगळ्यांनी बघितलं. ल्युएलाने तर ओढ्यापाशीच माझ्या कानात एक लाख म्हटलं होतं."

"मग?" ऑर्लिनने विचारलं.

"मग तो बोलला." एव्हरेटने कप टेबलावर ठेवला. "ज्याचं खरंच चांगलं असतं त्याला कधी असं बोलताना ऐकलंयस का तू? म्हणजे आम्हाला वाटलं, काहीतरी लपवायचं असणार. ल्युएला म्हणाली, याला कुणीतरी पढवलंय, आणि ज्याला पढवावं लागतं त्याचं... जाऊ दे. तो नुसता नेहमीसारखं म्हणाला असता ना..."

"काय?"

"तेच रे. आपण म्हणतो ते."

एव्हरेट गेला. ऑर्लिन कॉफीचं भांडं धरून उभा राहिला. विमा विकणाऱ्यांना आणि बूट विकणाऱ्यांना चौतीस वर्षं तो उत्तर देत होता, बापाच्या वतीने. समोर कोण उभं आहे ते बघायचं राहूनच गेलं. पालमरचं वाक्य ज्या सहा माणसांना आयतं कळलं असतं, त्यांच्यासमोर त्याने ते बोलू दिलं नाही. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की भांडं जड लागायला लागलं. पण खाली ठेवायचं कुठे? समोर रांग होती.

रांगेत सेल्मर आणि इनेज होते. सेल्मरने रविवारचा कोट घातला होता. उद्या सकाळी सातला खणायची यंत्रं येणार, हे त्याला कळवून झालं होतं.

"ऑर्लिन, निवाड्याचं नाही विचारत," तो हळू आवाजात म्हणाला. "ते झालं ते झालं. याहून वाईट झालं असतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही. मी नीट बोललो ना? मला वाटतं, 'चांगलं'पाशी जरा अडखळलो मी. शब्द थोडा खाल्ला. इनेज म्हणते नाही, पण ती तिथे नव्हती. त्याच्यामुळे तर नाही ना झालं हे?"

इनेज ऑर्लिनच्या तोंडाकडे बघत होती.

खरं सांगावं, तर सेल्मरला कळणार की तोंड बंद ठेवलं असतं, जन्मभर वागला तसाच त्या दिवशी वागला असता, तर बापाचे नळ उद्या सकाळी जमिनीतच राहिले असते. न सांगावं, तर तो एका अडखळलेल्या शब्दाचं ओझं घेऊन त्या खंदकाकडे बघत बसणार. ऑर्लिनने खूप शोधलं, तिसरी वाट सापडेना. त्याने सेल्मरचा कप हातात घेतला आणि काठोकाठ कॉफी ओतली.

"सेल्मर," तो म्हणाला, "तुम्ही तसे वाईट नाही बोललात."

सेल्मर कानापर्यंत लाल झाला. "ऐकलंस ना, इनेज?" असं म्हणून तो टोपी शोधायला लागला. टोपी त्याच्या हातातच होती.